ठेंगणीला रफू

९ फेब्रुवारी

तीर्थरूप वहिनी,

धाकट्याचा नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. ऑपरेशन खुब्याचं झालंय, हाताचं नाही, हे अक्षरावरूनच कळलं. आमच्याकडे सगळे ठीक. हिचे गुडघे दुखतात, पण तुमचं ऐकल्यापासून तिनं कुरकुर बंद केली आहे. म्हणते, कुरकुर केली की डॉक्टरांना कापायला निमित्त मिळतं.

फोन न करता पत्र लिहितोय, राग मानू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी आवाज चढवला की ही आतून येऊन विचारते, "कोणाशी भांडताय?" त्यापेक्षा पत्र बरं, वेळ लागतो पण घसा वाचतो.

तुमचं घर नीट आहे. रोज सकाळी किल्ली घेऊन जातो, खिडक्या उघडतो, मोरीतला नळ टपकतो का बघतो, थोडा वेळ पायरीवर बसतो आणि येतो. पायरीशी कुंडीतली ठेंगणी मजेत आहे. दाराला आतून चिकटवलेला तुमचा कागद मला आता पाठ झालाय. पाणी बुंध्याला, डोक्यावर नाही. दर रविवारी कुंडी चतकोर फिरवायची म्हणजे चारी अंगांना ऊन लागतं. आतल्या वाळक्या काड्या हातानं वेचायच्या. आणि सगळ्यात शेवटी "कात्री लावायची नाही", खाली दोन रेघा. अहो वहिनी, घरात एक शिंपी आहे म्हणून एवढ्या रेघा मारायच्या का?

येणारे-जाणारे थांबून विचारतात, ही मोरपंखी एवढीशीच कशी? मग मी सुरू होतो. माझ्या दादाला बागेतल्या उंच मोरपंखीवर एक विचित्र गुंता दिसला, सगळी फांदी जिथल्या तिथे दाटलेली. त्यातल्या पुष्कळ काड्या त्यानं लावल्या, जगल्या दोनच. एक बागेच्या फाटकाशी गेली, एक तुमच्या पायरीशी आली. बावीस वर्षं झाली, वर्षाला बोटाचं एक पेर वाढते, आत्ता कुठे गुडघ्याला लागते आहे. हे सांगताना माझी छाती अशी फुगते की जणू मीच एकतीस वर्षं त्या बागेचा मुख्य माळी होतो.

फोटो सोबत आहे. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला मुद्दाम बोलावून काढून घेतला. ऊन समोरून होतं म्हणून एकाच बाजूनं काढलाय.

दुकान जोरात चाललंय. मान वर करायला फुरसत नाही.

व्यायामाच्या बाई सांगतील तेवढंच चाला. घाई करू नका, इथली काळजी करू नका. तुम्हाला सांभाळणाऱ्या पुतणीला आशीर्वाद.

तुमचा धाकटा


२ एप्रिल

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कान धरतो.

तुम्ही ठेंगणीचा फोटो पलंगासमोरच्या भिंतीला लावलात आणि त्याच्यापर्यंत दहा पावलं चालून जाता, हे वाचून हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी पत्र वाचून दाखवत होतो. व्यायामाच्या बाईंना म्हणावं, फी अर्धी झाडाला द्या.

"चारी बाजूंनी फोटो पाठवा, आणि भाऊजी, कुंडी फिरवताय ना?" असं तुम्ही दोनदा लिहिलंय. फिरवतोय हो, फिरवतोय! एवढा अविश्वास? चारी बाजूंचे चार फोटो सोबत आहेत. एका बाजूचा रंग जरा वेगळा वाटेल, तो फोटोवाल्याच्या मशीनचा दोष. त्याला बोललो मी.

बाकी बातमी म्हणजे मागच्या आठवड्यात बागेच्या साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. फाटकाजवळच्या दादाच्या मोरपंखीला काहीतरी झालंय, विरळ पडली आहे, तर "मोठ्या माळ्यांचे बंधू म्हणून तुमचं मत हवं" म्हणाले. खुर्ची दिली, चहा दिला. आपल्याला झाडातलं काय कळतंय, पण दिलं मत. साहेब माणूस चांगला आहे, फक्त घाईचा आहे.

आता तुम्ही काठीशिवाय उभ्या राहिलात की मला कळवा. खिडकीपाशी उभ्या राहू नका, वारा लागेल.

घाईत लिहितोय. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे.

तुमचा धाकटा


२० मे, सकाळ

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार करतो. तो घ्यायचा की नाही ते पत्र संपल्यावर ठरवा.

तुमचं पत्र येऊन बारा दिवस झाले. तुम्ही लिहिलंत, "शिट्टीमामांना बागेत चोर ठरवलंय असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. फाटकाजवळच्या झाडाचा पाला तोडून गुच्छवाल्यांना विकतात म्हणे. भाऊजी, त्या माणसानं एकोणीस वर्षांच्या रखवालीत बागेतलं पडलेलं फूलसुद्धा उचललं नाही. तुमचा शब्द तिथे मानतात. जाऊन एक शब्द टाका." बारा दिवस हे पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. धुवायला टाकताना काढतो आणि दुसऱ्या सदऱ्यात ठेवतो.

वहिनी, तो पाला मी तोडला.

लिहिलं एकदाचं. आता पहिल्यापासून सांगतो, मध्ये थांबू नका.

दुकान जोरात नाही. दुकान जानेवारीच्या पहिल्या शनिवारी बंद केलं. शाळेचे गणवेश तयार येऊ लागले, लोक पँटची उंची कमी करायलाही यायचे बंद झाले. त्याआधीचे दोन महिने, तुम्ही पुतणीकडे गेल्यापासून, मी नुसता बसून होतो, त्या उदास डोक्यात कुंडी फिरवायचं पार विसरून गेलो. रविवार आला काय आणि गेला काय. त्या शनिवारी मशीन विकत घेणारे घेऊन गेले, मी फक्त माझी मोठी कात्री फडक्यात गुंडाळून घेतली आणि घरी निघालो. वाटेत तुमच्याकडे पाणी घालायला थांबलो, तर ठेंगणी एका अंगाला फुगलेली आणि भिंतीकडच्या अंगाला खंगलेली. वाकडा खांदा शिवलेल्या कोटासारखी दिसत होती. चाळीस वर्षं लोकांचे वाकडे खांदे सरळ केले मी! हातात कात्री होती, पुढे गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, थोडं बरोबर करू.

शिंपीकामात एक जुनी खोड असते. डावा पाय जरा लांब वाटला म्हणून कापायचा, मग उजवा लांब वाटतो म्हणून तो कापायचा, आणि शेवटी पँटची चड्डी होते. शिकताना उस्तादांनी त्यासाठी मला फटके दिले होते. ते मी पासष्टाव्या वर्षी झाडावर केलं. खडूनं कुंडीच्या काठावर खुणासुद्धा केल्या, हसू नका. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. आणि मग कात्री आत गेली आणि हिरवं संपलंच.

मला कुठे माहीत होतं की त्याच्या पोटात नुसत्या वाळक्या काड्या असतात? वरचा हिरवा थर हाताच्या तळव्याएवढा, आत सगळं तपकिरी. वाटलं, फुटेल पुन्हा, गुलाब नाही का फुटत. आठवडा गेला. मग दादाची जुनी वही काढून वाचली. त्यानं लिहिलंय की मोरपंखी तपकिरी लाकडातून परत फुटत नाही, एकदा उघडी पडली ती पडली. मी मोजलं, वहिनी. आठ पेरं कापली होती. दादाची आठ वर्षं मी पंधरा मिनिटांत पायरीवर पाडली आणि केरसुणीनं झाडून बादलीत भरली.

तेव्हाच तुम्हाला लिहायला हवं होतं. पण तुमचं ऑपरेशन आठ दिवसांवर होतं, म्हटलं नंतर. मग बोडकी बाजू भिंतीकडे केली आणि पहिला फोटो काढला. तेवढ्यावर भागलं असतं. तुम्ही चारी बाजू मागितल्या.

मग मी रफू केलं. खरंच सांगतो. हिरव्या रिळाच्या तीन छटा घरात होत्या, त्यातली बरोबर जुळणारी निवडली. फाटकाजवळची ठेंगणीची जुळी बहीण, तिचा पाला अगदी सारखा. रविवारी सकाळी बाग उघडली की फिरायला जायचं निमित्त करून जायचो, दोरे तोडायची छोटी कात्री खिशात. झाडाच्या मागच्या अंगाला वाकायचो, पाल्याचे तीस-चाळीस पंखे कापून पिशवीत टाकायचो आणि थेट तुमच्या पायरीवर. एकेक पंखा वाळक्या काडीत खोचायचा आणि सुईनं दोन टाके. लांबून बघणाऱ्याला काही कळत नसे. जवळून बघणाऱ्यालाही कळलं नसतं, इतकं साफ काम. मला त्याचा अभिमानही वाटला, ही लाज वेगळीच. पंधरा दिवसांत पंखे पिवळे पडायचे, की पुन्हा रविवार.

हिला दुसऱ्याच महिन्यात कळलं. मागे येऊन उभी राहिली होती, मला पत्ता नाही. म्हणाली, "झाडाला कोणी रफू करतं का? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, वहिनी चालायला लागेपर्यंतच. ती म्हणाली, "त्या चालत इथेच येणार आहेत ना?" मी सुई खाली ठेवली नाही.

आता त्या चहाचं सांगतो, जो साहेबांनी मला पाजला. त्या दिवशी फाटकाजवळ नेऊन त्यांनी मला झाड दाखवलं. मागून अर्धं उघडं पडलं होतं. मी म्हटलं, "कीड असेल." साहेब म्हणाले, "किडीला कात्री असते का? हे टोक बघा, सरळ कापलंय. मास्तर, तुमचा जन्म कात्रीत गेला. ही कोणती कात्री असेल?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेब, दोन माळी, आणि शिट्टीमामा, गळ्यात शिट्टी अडकवून. मी टोक हातात घेतलं, उन्हात धरलं, मान हलवली. माझीच कात्री, मी ओळखणार नाही? आणि म्हणालो, "ही गुच्छवाल्यांची कात्री वाटते. आखूड पात्याची."

शिट्टीमामांची सून गुच्छ बांधायच्या कामाला जाते. मला हे माहीत नव्हतं, असं मी आत्ता लिहिणार होतो. माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतंत तिला काम लागलं तेव्हा. त्या क्षणी आठवलं नाही एवढंच खरं. तिथल्या माळ्यांना मात्र आठवलं, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग मलाही आठवलं. मी चहा प्यायलो आणि घरी आलो. तुम्हाला लिहिलं की साहेब माणूस चांगला आहे.

दहा एप्रिलला शिट्टीमामांना घरी बसवलं. शिट्टीसुद्धा जमा करून घेतली.

मी घाबरून पाला तोडायचा बंद केला. आणि वहिनी, त्यानंच सगळं पक्कं झालं. साहेब सगळ्यांना सांगतात, "म्हातारा गेला आणि चोरी थांबली, अजून काय पुरावा हवा?" मी नुसतं घरात बसून राहिलो तरी त्या माणसाच्या विरुद्ध साक्ष होत होती.

तुमचं पत्र आल्यावर चौथ्या दिवशी मी बागेच्या कार्यालयात गेलो. ठरवून गेलो होतो. बाकावर बसलो, नंबर आला, साहेब म्हणाले, "बोला मास्तर." मी म्हणालो, "कुंडीत घालायला थोडं शेणखत मिळेल का?" दोन पिशव्या दिल्या हो त्यांनी. उचलून आणल्या. ही दारात उभी होती, पिशव्यांकडे बघितलं आणि आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, फक्त भांडी जोरात ठेवते.

परवा शिट्टीमामांकडे गेलो. सायकलच्या दुकानावरची खोली, जिना इतका अरुंद की खांदे तिरके करून चढावं लागतं. ते खिडकीत बसून सुनेच्या गुच्छांसाठी तारा कापत होते. मला बघून उठले. "या मास्तर, बसा बसा. वहिनींचा पाय कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. मग ते जरा पुढे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "लागल्या का काड्या?"

"कसल्या काड्या?"

"आता माझ्यापाशी काय लपवायचं! रविवारी मागच्या अंगाला वाकलेले असायचात तुम्ही. पहिल्या वेळी शिट्टी तोंडाशी नेली होती मी. मग ओळखलं, म्हटलं, भावाच्या झाडाची रोपं करतायत, करू दे. मोठे माळीसुद्धा अशाच काड्या न्यायचे. शंभर लावल्या की एखादी जगायची त्यांची. म्हणून तर तुम्ही इतक्या नेत होतात ना?"

म्हटलं, "मामा, मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

तर म्हणाले, "मी कशाला सांगू? तुमची गोष्ट तुम्ही सांगणार. आज सांगाल, उद्या सांगाल म्हणत राहिलो. मग म्हटलं, कामात असतील." आणि खाली तारेकडे बघत राहिले. रागानं नाही म्हणाले, वहिनी. राग असता तर मी वाचलो असतो. आणि पुन्हा तेच, "मग, लागल्या का?"

आणि मी काय म्हणालो असेन? "हो. दोन लागल्या."

म्हातारा असा खूश झाला! सुनेला हाक मारली, "अगं, मोठ्या माळ्यांची दोन रोपं झाली!" मला म्हणाले, "चला, म्हणजे वाया नाही गेलं. थोडी मोठी झाली की एक मला द्या. खिडकीत ऊन येतं." सून चहाचा कप घेऊन आली. तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, ती काही खूश नव्हती. तिला बहुतेक सगळं कळलंय. नवरा बाहेरगावी, सासरा घरी बसलेला, आणि गुच्छवाल्यांनी तिलाही चार दिवस येऊ नको म्हणून सांगितलंय, चोरीच्या पाल्याची भानगड नको म्हणून. मी तो चहा प्यायलो. दोन्ही ठिकाणी चहा प्यायलो मी.

जिना उतरताना हिशेब लागला. मी आजवर माझ्या मनाशी म्हणत होतो की हे सगळं तुमच्यासाठी केलं, तुम्ही चालावं म्हणून. साफ खोटं. तुम्ही झाड मेल्याचं ऐकूनही चालला असतात. दादा गेल्यावर आठव्या दिवशी तुम्ही उठून कुंडीला पाणी घातलं होतंत, तुम्ही काय अशा ढासळणार? मला फक्त तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. मी दहा वर्षांचा असताना तुम्ही या घरात आलात, सुईत दोरा ओवायला मला तुम्ही शिकवलंत, आणि आजवर एकदाही "भाऊजी, हे काय केलंत" म्हणाला नाहीत. ते एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून मी एका माणसाला चोर होऊ दिलं. इतकी स्वस्त किंमत लावली मी त्याच्या एकोणीस वर्षांची.

आज दहा वाजता मामांची चौकशी आहे. साहेब, वरच्या कार्यालयातले दोघे आणि शिट्टीमामा. मला कोणी बोलावलेलं नाही. मी जातोय. छोटी कात्री, हिरवं रीळ आणि ठेंगणीवरून काढलेला वाळका पाला एका डब्यात भरलाय. टाके तसेच ठेवलेत त्यात, म्हणजे कोणाला शंका नको. मामांनाही तिथेच, सगळ्यांसमोर सांगणार, की एकही काडी लागली नाही कारण मी एकही लावली नव्हती. आणि सुनेच्या गुच्छवाल्यांकडेही जाणार, तिथे मला कोणी ओळखत नाही म्हणून सोडणार नाही.

काल संध्याकाळी हिला सांगितलं. तिनं पातेलं खाली ठेवलं, या वेळी हळू. म्हणाली, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. तर म्हणाली, "मग आधी वहिनींना लिहा आणि पेटीत टाका. नाहीतर पुन्हा खत घेऊन याल." माझ्यापेक्षा ती मला चांगली ओळखते. म्हणून हे सकाळी सहापासून लिहितोय. पत्र आधी पेटीत, मग बाग. तुम्हाला कळलंय म्हटल्यावर मला बाकावरून उठून परत येता येणार नाही.

तुमची ठेंगणी आता कशी आहे तेही सांगतो. सगळे टाके उसवले, वाळके पंखे काढले. रस्त्याकडची बाजू हिरवी आहे, भिंतीकडची अर्धी नुसती काड्या. बुंध्याला पाणी घालतोय, रविवारी चतकोर फिरवतोय, उघडी बाजू आता रस्त्याला येते तेव्हा येते. लोक थांबून विचारतात, काय झालं हो हिला? परवा पहिल्यांदा सांगितलं, मी कापली. विचारणारा म्हणाला, अरेरे, आणि पुढे गेला. एवढंच होतं ते.

अठ्ठावीसला तुम्ही येणार. स्टेशनावर मी येतो, पुतणीला सांगा. नको म्हणालात तर किल्ली हिच्याकडे देऊन ठेवतो आणि तुम्ही हाक मारेपर्यंत तुमच्या पायरीवर येत नाही.

माफ करा असं लिहायला बसलो होतो, पण माफी मागायची आधी दुसऱ्याकडे आहे. तुमच्याकडे एकच मागतो. दादानं काड्या कशा लावल्या ते तुम्ही शेजारी बसून पाहिलंय, वहीत ते पान नाही. काडी कुठल्या महिन्यात घ्यायची, तिच्या टाचेला जुन्या फांदीची साल ठेवायची का, वाळू किती, माती किती, सावलीत किती दिवस, सगळं बारीकसारीक लिहून पाठवा. हिरव्या बाजूला अजून शंभर काड्या निघतील. नाही जगल्या तर पुढच्या वर्षी शंभर, मला आता दुकान नाही. एक तरी लागली की ती मामांच्या खिडकीत नेऊन द्यायची आहे. त्या माणसाला मी दोन सांगितल्या आहेत.

शिव्या असतील तर त्याही त्याच पत्रात घाला, पण पत्र टाका.

धाकटा